फुकटचा रॉड कितीला पडतो: रोहू-कटल्याच्या चॅनलसाठी स्पॉन्सरशिपची रीत

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात रोहू-कटल्यासाठी गळ टाकणाऱ्यांचे व्हिडिओ चालायला लागले की इनबॉक्समध्ये पहिला प्रस्ताव बहुतेक एकाच साच्यातला येतो: "दादा, एक रॉड-रीळ आणि चाऱ्याची चार पाकिटं पाठवतो, बदल्यात चार रील आणि एक मोठा व्हिडिओ करा." याला हो म्हणायचं की नाही, म्हणायचं तर कोणत्या अटींवर, आणि नंतर काय काय सांभाळायचं, ते पुढे दिलं आहे. हजार ते दहा-पंधरा हजार फॉलोअर असलेल्यांना ते उपयोगी पडेल. लाखांत असणाऱ्यांकडे मॅनेजर आणि सीए दोन्ही असतात.

हा धंदा कुठून आला

कार्प, म्हणजे रोहू-कटल्याच्या जातकुळीचे मासे, यांच्या मासेमारीच्या स्पॉन्सरशिपचा साचा ब्रिटनमध्ये घडला. तिथे १९७० च्या दशकात फ्रेड विल्टन यांच्यामुळे उकडलेल्या चाऱ्याच्या गोळ्या, म्हणजे बॉयली, चालू झाल्या. पुढे लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांची हेअर रिग (चारा गळाला न टोचता केसासारख्या बारीक दोऱ्यावर बांधायची रीत) आली आणि कार्पसाठीच्या सामानाची वेगळी बाजारपेठ उभी राहिली. कोर्डा, नॅश, फॉक्स, मेनलाइन या कंपन्यांनी तलावावर बसणाऱ्या माणसालाच जाहिरात बनवलं. तिथली शिडी साधारण अशी आहे: आधी सवलतीचा कोड, मग फुकट चारा, मग फुकट सामान आणि 'फील्ड टेस्टर' हे नाव, आणि अगदी थोड्यांना 'कन्सल्टंट' म्हणून पगार. खालच्या दोन पायऱ्यांवर गर्दी, वरच्या पायरीवर मूठभर.

आपल्याकडे ही शिडी जशीच्या तशी लावता येत नाही, आणि कारण माशातच आहे. कटला वरच्या थरात खातो. त्याचं तोंड वर वळलेलं आणि खाणं मुख्यतः प्लवंग. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाशी चरतात. युरोपातली बॉयली, जड शिसं आणि हेअर रिग हा संच तळाच्या माशासाठी बनलेला आहे, म्हणून तो सायप्रिनसला आणि मृगळाला चालतो. कटल्यासाठी तरंगा लावून पेंडीचा मऊ गोळा मधल्या पाण्यात ठेवणारा माणूस त्याच संचाची जाहिरात करू लागला, तर जाणकार प्रेक्षक पहिल्या दहा सेकंदांत ओळखतो. तेव्हा ब्रँड शोधताना पहिला प्रश्न हा: आपण दाखवतो त्या मासेमारीत ही वस्तू खरंच वापरली जाते का?

जागेची कागदपत्रं आधी

स्पॉन्सर आल्यावर तुमचा व्हिडिओ जाहिरात ठरतो. बेकायदा जागी केलेली जाहिरात कंपनी एका फोनवर काढायला लावते आणि पुढचे पैसे अडकतात. म्हणून कुठे शूट करणार याची यादी आधी पक्की करा.

ठाण्यातले तलाव महापालिकेच्या ताब्यात आहेत. मासुंदा, उपवन किंवा कचराळीवर लोक फिरायला येतात म्हणून तिथे गळ टाकायला मोकळीक आहे असं होत नाही. त्या तलावावर मासेमारीला परवानगी आहे का, ठेका दिला आहे का, दिला असेल तर ठेकेदार गळवाल्यांना बसू देतो का आणि कॅमेऱ्याला त्याची हरकत आहे का, हे सगळं विचारून घ्या. जिल्ह्यातल्या पाटबंधारे तलावांची मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. तिथे संस्थेची पावती हीच परवानगी. पावतीचा फोटो काढून ठेवा.

येऊरच्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द सुरू होते. आत गळ टाकणं हा वन्यजीव कायद्याखालचा गुन्हा आहे आणि त्याचा पुरावा तुम्ही स्वतःच अपलोड करणार असता. तानसा परिसर अभयारण्यात येतो. मोरबे नवी मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचं धरण आहे. ही नावं यादीतून काढूनच टाका.

नवी मुंबईत आणखी एक घोळ होतो. सिडकोने भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला जे धारण तलाव बांधले, त्यांत खाडीचं पाणी येतं. ते मचूळ असतं आणि काठाला कांदळवन वाढलेलं असतं. तिथे रोहू-कटल्याची आशा नाही, आणि कांदळवनात शिरलात तर वनखात्याशी गाठ. ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीतही आहे. कार्पच्या चाऱ्याचा व्हिडिओ खाडीकाठी करणाऱ्यांना कमेंटमध्ये जे ऐकावं लागतं ते त्यांनी ओढवून घेतलेलं असतं.

सगळ्यांत सोपं म्हणजे कर्जत, मुरबाड, बदलापूर, पनवेल भागातली तिकीट लावून गळ टाकू देणारी खासगी तळी. मालकाकडून 'व्यावसायिक चित्रीकरणाला हरकत नाही' एवढं एक वाक्य व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मात्र पाळलेल्या तळ्यात लागलेला मासा हा तळ्यातला मासा आहे, हे व्हिडिओत सांगा. भरगच्च सोडलेल्या तळ्यात कोणताही चारा चालतो. त्यावरून चाऱ्याची थोरवी गाणं ही फसवणूक आहे.

ड्रोनची हौस असेल तर डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन नकाशावर ती जागा आधी पाहा. नवी मुंबई विमानतळामुळे पनवेल-उलवे-बेलापूर पट्ट्यात लाल आणि पिवळे झोन पडले आहेत. २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन आहे म्हणून लाल झोनमध्ये उडवता येत नाही.

मागायला जाण्याआधी

तीन महिन्यांची वही ठेवा. तारीख, पाणी, किती तास बसलात, हवा, चारा कोणता आणि किती, किती मासे, कोणते, वजन किती. रिकाम्या हाताने परतलात तो दिवसही लिहा. दुकानदाराला फॉलोअरचा आकडा माहीत असतो, पण नियमितपणे पाण्यावर जाऊन नोंद ठेवणारा माणूस त्याला क्वचित भेटतो.

सोबत एका पानाची माहिती करा. तिच्यात एवढंच असू द्या: गेल्या ९० दिवसांत व्हिडिओ किती जणांपर्यंत पोचले, त्यांतले ठाणे, मुंबई, रायगड, पुण्याचे किती टक्के, मोठे व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिले जातात, आणि लोक कमेंटमध्ये कोणत्या सामानाबद्दल विचारतात. शेवटची ओळ सगळ्यांत मोलाची. 'दादा, हा तंगूस (गळाची नायलॉन दोरी) कुठे मिळाला' अशा वीस कमेंटचे स्क्रीनशॉट दुकानदाराला वीस हजार लाइकपेक्षा जास्त पटतात. लाइक उत्तर प्रदेशातून आणि दुकान ठाण्यात, याचा त्याला उपयोग काय?

फॉलोअर विकत घेऊ नका. पाच हजारांच्या चॅनलवर पोस्टला चाळीस लाइक दिसले की समोरचा समजून जातो.

विचारणा कुणाकडे करायची, याचा क्रम असा. आधी तुम्ही ज्या दुकानातून सामान घेता तो दुकानदार, मग भारतात माल आणणारा वितरक, मग देशी चारा बनवणारे, आणि परदेशी कंपनी सगळ्यांत शेवटी. परदेशातून थेट येणाऱ्या पार्सलवर कस्टम ड्युटी लागते, वर 'गिफ्ट' लिहिल्याने ती सुटत नाही. फिशमील घातलेला चारा परवान्याशिवाय मागवला तर अडकण्याचीच शक्यता जास्त. ड्युटी कोण भरणार हे न ठरवता पार्सल मागवणारे तीन हजारांच्या चाऱ्यासाठी कुरिअरवाल्याशी महिनाभर भांडत बसतात.

निरोप लहान ठेवा. असा:

"नमस्कार. मी ठाण्यात राहतो. रोहू, कटला आणि सायप्रिनसच्या गळाच्या मासेमारीचे मराठी व्हिडिओ करतो. गेल्या ९० दिवसांतले प्रेक्षक आणि त्यांची शहरं सोबतच्या पानावर आहेत. तुमच्या ०.३५ मिमी तंगुसाची सहा आठवडे चाचणी घेऊन एक ८ मिनिटांचा व्हिडिओ आणि दोन रील करायचा विचार आहे. व्हिडिओवर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहिलेलं असेल आणि चाचणीत जे दिसेल ते सांगेन. मानधन आणि चाचणीसाठी लागणारा माल पानाच्या शेवटी लिहिला आहे."

'सर, कोलॅब करायचं का?' एवढंच लिहिलेला निरोप कुणी उघडत नाही.

हिशेब

आता तो फुकटचा रॉड. समजा संचाची छापील किंमत ८,५०० रुपये आहे आणि दुकानात तो ६,८०० ला मिळतो. तुमच्यासाठी त्याची किंमत ६,८०० च धरा, कारण घेतला असतात तर तेवढेच दिले असते. मुळात घेणारच नव्हतात, तर त्याहूनही कमी.

बदल्यात चार रील आणि दहा मिनिटांचा एक व्हिडिओ. शूटिंगला दोन सकाळी, प्रत्येकी सहा तास: १२ तास. रीलचं संकलन प्रत्येकी दोन तास, मोठ्या व्हिडिओचं दहा: १८ तास. एकूण ३० तास. तासाला अवघे १५० रुपये धरले तरी ४,५०० झाले. दोन फेऱ्यांचं तळ्याचं तिकीट, पेट्रोल, पेंड आणि खाणं मिळून ३,४०० धरा. बेरीज ७,९००. म्हणजे ६,८०० च्या रॉडसाठी तुम्ही १,१०० रुपये खिशातून घालून दुसऱ्याची जाहिरात केलीत. 'नाहीतरी मासे मारायला जाणारच होतो' असं कुणी म्हणेल. पण कॅमेरा लावलेल्या सकाळी निम्मा वेळ कोन बदलण्यात जातो, त्यामुळे ती सकाळ सुट्टीत धरू नका.

अशा प्रस्तावावर दोनच उत्तरं द्या: काम कमी करा, नाहीतर रोख द्या. एका रॉडसाठी एक मोठा व्हिडिओ आणि एक रील हे ठाण्यातल्या लहान चॅनलसाठी रास्त आहे. चार रील हव्या असतील तर वरचे तास रोखीत.

कूपन कोडवरच्या कमिशनचं गणित वेगळं. ३,००० ची रीळ, १० टक्के कमिशन, महिन्यात पाच विकल्या तर १,५०० रुपये. परत आलेला माल वजा होतो. विक्रीचा आकडा तुम्हाला दिसत नसेल तर कमिशनही दिसत नाही असं समजा. दर महिन्याच्या सात तारखेपर्यंत कोडवर किती विक्री झाली त्याचा तक्ता मिळेल, हे आधी लिहून घ्या.

आणि 'ब्रँड ॲम्बेसेडर' नावाची एक वेगळीच चीज आहे: "तुमची निवड झाली आहे, आता ३० टक्के सवलतीत आमचं किट विकत घ्या आणि टॅग करा." यात तुम्ही गिऱ्हाईक आहात. नमस्कार करून मोकळे व्हा.

पैशांचे मोठे आकडे घेऊन सगळ्यांत आधी येतात ते बहुधा सट्ट्याचे आणि पैसे लावून खेळायच्या गेमचे ॲप. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी आली आणि त्यांची जाहिरात करणंही गुन्हा ठरलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. त्या निरोपाला उत्तरसुद्धा देऊ नका.

लिहून काय घ्यायचं

वकिलाची गरज नाही. एक ईमेल आणि त्यावर समोरच्याचं 'मान्य' हे पुरतं, पण त्या ईमेलमध्ये पुढच्या गोष्टी हव्यात. किती व्हिडिओ, किती लांबीचे, कोणत्या तारखेपर्यंत. सामान कायमचं की परत करायचं. कुरिअर कोण भरणार. पैसे किती आणि कधी; निम्मे आधी, निम्मे अपलोडनंतर, हा सर्वमान्य हिशेब आहे.

दोन कलमांवर मात्र नीट बसून विचार करा. पहिलं, दुसऱ्या ब्रँडचं काही न दाखवण्याची अट. ती सगळ्या मासेमारीच्या सामानावर लावून घेऊ नका. तंगुसाचा करार असेल तर अट तंगुसापुरती आणि तीन महिन्यांपुरती. 'इतर कोणत्याही ब्रँडचं सामान दिसू नये' यावर सही केलीत तर घरातली जुनी शिसंसुद्धा लपवत बसाल. दुसरं, तुमचा व्हिडिओ कंपनीने स्वतःच्या जाहिरातीत वापरण्याचा हक्क. कंपनी पैसे लावून तोच व्हिडिओ लाखोंना दाखवू शकते आणि दोन वर्षांनी तुमचा चेहरा बंद पडलेल्या मालावर फिरत राहतो. ३० दिवस, त्याचे वेगळे पैसे, त्यानंतर बंद, असं लिहा.

मजकूर तपासण्याचा हक्क द्या, पण एकदाच आणि फक्त तथ्यांच्या चुकांसाठी. तंगुसाची जाडी चुकली तर दुरुस्त करा. 'जरा जास्त उत्साहाने बोला' ही दुरुस्ती नव्हे. आणि माल नापास झाला तर काय, हेही आत्ताच ठरवा. चालेल अशी रीत: आधी कंपनीला कळवायचं, सात दिवस उत्तराला द्यायचे, दुसरा नग पाठवला तर पुन्हा चाचणी, नाहीतर व्हिडिओ रद्द आणि घेतलेला आगाऊ निम्मा भाग खर्चापोटी तुमच्याकडे. हे कलम पाहून जी कंपनी मागे सरते, तिला तिच्या मालाची खात्री नाही.

चाचणी कशी घ्यायची

बहुतेक चॅनल इथेच पडतात. पाकीट उघडलं, वास घेतला, 'जबरदस्त क्वालिटी' म्हटलं, झालं. ग्राहक संरक्षण कायद्याखालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिफारस करणाऱ्याने वस्तू प्रत्यक्ष वापरलेली असायला हवी. ते बाजूला ठेवलं तरी, प्रेक्षक जे स्वतः करू शकत नाही ते तुम्ही करून दाखवलंत तरच तो थांबतो.

तंगूस: स्पूलवर २० पौंड लिहिलं असेल तर ते साधारण ९ किलो. दोन तास पाण्यात भिजवा, कारण नायलॉन ओला झाला की त्याची ताकद थोडी घटते आणि मासा कोरड्यात लागत नाही. तुम्ही नेहमी मारता तीच गाठ पाच वेगवेगळ्या तुकड्यांवर मारा, गाठ थुंकी लावून आवळा, वजनाचा काटा लावून हळूहळू ओढा आणि तुटतानाचं वजन लिहा. पाचांची सरासरी आणि सगळ्यांत कमी आकडा, दोन्ही सांगा. मासा सुटतो तो त्या कमी आकड्यावर. महिनाभर वापरल्यावर हीच चाचणी पुन्हा करा. उन्हात नायलॉन कमजोर होतो आणि एप्रिलच्या गच्चीत तर फारच लवकर. व्हर्नियर असेल तर जाडी मोजा. पाकिटावर ०.३० आणि प्रत्यक्षात ०.३५ असेल तर 'बारीक पण दणकट' या दाव्यातली हवा तिथेच निघते.

रीळ: ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की तंगूस सुटू देणारा रिळाचा ब्रेक, तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर लावा, ९ किलोच्या तंगुसाला सव्वादोन ते तीन किलो, आणि काट्याने ओढून पाहा की तो धक्क्याशिवाय सुटतो का. धक्के खाणारा ड्रॅग मोठ्या कटल्याच्या पहिल्या धावेत गाठ तोडतो. आपल्याकडच्या दमट हवेत स्वस्त रिळांच्या बेअरिंगना पावसाळ्यात गंज धरतो, म्हणून मे महिन्यात केलेल्या कौतुकाला अर्धाच अर्थ. ऑगस्टनंतर उघडून दाखवा.

चारा: हा सगळ्यांत कठीण, कारण एक मासा लागला म्हणून काहीच सिद्ध होत नाही. दोन रॉड लावा. अंतर सारखं ठेवायला दोन्ही तंगुसांवर खूण करा, खोली सारखी. एकावर स्पॉन्सरचा चारा, दुसऱ्यावर घरचा: शेंगदाणा पेंड १ किलो, गव्हाचा कोंडा ५०० ग्रॅम, भाजलेलं चण्याचं पीठ २५० ग्रॅम, थोडी मेथीपूड. दर तासाला दोन्हींची जागा बदला, नाहीतर तुम्ही चाऱ्याऐवजी जागेची चाचणी घेताय. सहा-आठ सकाळी हे केल्याशिवाय 'जास्त मासे लागतात' हे वाक्य उच्चारू नका. तोवर 'इतक्या तासांत यावर इतके, त्यावर इतके' एवढंच सांगा. बॉयली असेल तर तलावाच्याच पाण्यात भिजवून दर तासाला दाबून पाहा. आपल्या कोमट पाण्यात ती लवकर मऊ पडते आणि तिलापिया टोचून टोचून संपवतात. पावसाळ्यात उघड्या पाकिटाला बुरशी किती दिवसांत धरते तेही नोंदवा. हे कंपनीच्या पाकिटावर नसतं आणि गिऱ्हाईकाला हवं असतं.

चारा कंपन्या 'भरपूर टाका' म्हणतात, त्यांचा धंदाच तो आहे. शहरातल्या लहान तलावात एका बैठकीला किलोभरापेक्षा जास्त टाकू नका. न खाल्लेली पेंड तळाशी कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढते, आणि उन्हाळ्यात गरम पाण्यात तो आधीच कमी असतो. पहाटे तर सर्वांत कमी. मेलेले मासे तरंगले की गळवाल्यांवर बंदी यायला वेळ लागत नाही. स्पॉन्सरला हे आधीच सांगा आणि व्हिडिओत पाकीट अर्धं उरलेलं दाखवा.

लेबल

एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम १४ जून २०२१ पासून लागू आहेत. पैसे मिळाले, सामान मिळालं, सवलत मिळाली किंवा दुकान सख्ख्या भावाचं आहे, या सगळ्याला लेबल लागतं. 'फुकट दिलं होतं पण मत माझंच आहे' ही सबब चालत नाही.

इन्स्टाग्रामच्या मजकुरात लेबल पहिल्या दोन ओळींत, 'आणखी पाहा' दाबण्याआधी. वीस हॅशटॅगच्या शेपटीत लपवलेलं धरत नाहीत. व्हिडिओवर: १५ सेकंदांपेक्षा लहान असेल तर लेबल किमान ३ सेकंद, १५ सेकंद ते २ मिनिटांच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ, म्हणजे एका मिनिटाच्या रीलवर २० सेकंद, त्याहून मोठ्या व्हिडिओत ब्रँडबद्दल बोलत आहात तो पूर्ण भाग. लाइव्ह असेल तर लेबल सतत पडद्यावर ठेवा आणि सुरुवातीला व शेवटी तोंडानेही सांगा. व्हिडिओ मराठी तर लेबल मराठी: 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित'. 'थँक्स टू अमुक टॅकल' हे लेबल नव्हे, आभार आहेत. यूट्यूबवर पेड प्रमोशनची खूण आणि इन्स्टाग्रामवर पेड पार्टनरशिपचं लेबल, ही दोन्ही वेगळी लावायची.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड लावू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्यावर एक वर्षाची, नंतर तीन वर्षांपर्यंतची बंदी येऊ शकते. लहान चॅनलवर उद्याच नोटीस येईल असं नाही. पण वितरकाची वकील मंडळी लेबल नसलेल्या जुन्या पोस्ट पाहून करार नाकारतात.

कर आणि बिल

सामानाच्या रूपात मिळालेला लाभही उत्पन्नच. १ जुलै २०२२ पासून, कलम १९४आर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीनुसार, एका देणाऱ्याकडून आर्थिक वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचे लाभ मिळाले तर त्यावर १० टक्के टीडीएस. ३०,००० चं सामान आलं तर ३,००० कर. वस्तूतून कर कापता येत नाही, म्हणून तो तुम्ही आगाऊ भरून चलन द्यायचं की कंपनीने भरायचा, हे ईमेलमध्ये हवं. शूटनंतर सामान परत केलं तर तो लाभ धरत नाहीत; परतीची कुरिअर पावती हाच पुरावा. १ कोटीपेक्षा कमी उलाढालीच्या एकल मालकीच्या दुकानदाराला हा टीडीएस कापावा लागत नाही. त्याने कापला नाही तरी तुमच्या विवरणपत्रात ते उत्पन्न दाखवायचंच. जीएसटीची नोंदणी सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर, तोवर बिलावर जीएसटी लावू नका.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा. ती ऑनलाइन होते आणि फुकट आहे. सूक्ष्म उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करणं खरेदीदारावर बंधनकारक आहे. बिलावर उद्यम क्रमांक छापा. 'अकाउंट्सला पाठवलंय' हे उत्तर त्यानंतर कमी वेळा ऐकू येतं.

मासा, वजन आणि ठिकाण

मासा ओल्या फोमवर ठेवा, हात ओले करा, कल्ल्यात बोटं घालू नका, पाण्याबाहेर एका वेळी ३० सेकंदांहून जास्त नको. फोटोला गुडघ्यावर बसा आणि मासा फोमच्या वरच, जमिनीलगत धरा. हात लांब पुढे करून तीन किलोचा रोहू सहा किलोचा दाखवणाऱ्यांना कमेंटवाले सोडत नाहीत. वजन करताना ओली पिशवी आधी काट्यावर टांगून शून्य करा आणि ते कॅमेऱ्यात दिसू द्या. खायला नेत असाल तर नेताय हे सरळ दाखवा. सोडल्याचं नाटक करून पिशवीत टाकलेला मासा मागच्या कोपऱ्यात कुणाला तरी दिसतोच. पावसाळ्यात, जून ते ऑगस्ट, रोहू-कटल्याचा विणीचा काळ. पोटात गाभोळी असलेली मादी हातात घेऊन जाहिरात करू नका.

ठिकाणाचा टॅग लावू नका. नुसतं नाव गाळून भागत नाही: मागे दिसणारे टॉवर, मंदिराचा कळस, पालिकेचा फलक यावरून ठाणेकर तलाव दोन मिनिटांत ओळखतो. कॅमेरा पाण्याकडे आणि खाली ठेवा. ब्रिटनमधल्या काही तलावांवर मासा छापण्या-दाखवण्यालाच बंदी असते ती यासाठीच. व्हिडिओ चालला की रविवारी पन्नासजण येतात, काठावर तंगुसाचे गुंते आणि गुटख्याची पाकिटं पडतात, सोसायटी तक्रार करते आणि तलाव सगळ्यांनाच बंद होतो.

कार्बन रॉडमधून वीज वाहते. नवी मुंबईत पाण्यावरून उच्चदाबाच्या तारा जाणाऱ्या जागा बऱ्याच आहेत. तिथे आणि गडगडाट सुरू झाल्यावर रॉड उभा करून पोज देऊ नका, स्पॉन्सर कितीही म्हणो.

करार संपला की

कोड बंद झाल्याच्या दिवशी सगळ्या व्हिडिओंच्या वर्णनातून तो काढा, नाहीतर वर्षभर 'दादा कोड चालत नाही' असे निरोप येत राहतात आणि वैताग तुमच्या नावावर जमा होतो. जुन्या व्हिडिओंवरचं 'जाहिरात' लेबल तसंच राहू द्या. परत करायचं सामान पॅक करतानाचा व्हिडिओ काढा, रिळाचा क्रमांक दिसेल असा. शेवटचं बिल त्याच दिवशी पाठवा, ४५ वा दिवस कोणता ते कॅलेंडरवर लिहा, आणि तो उलटला तर लहान उद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. उद्यम क्रमांक, करार मान्य केल्याचा ईमेल आणि बिल एवढीच कागदपत्रं लागतात. त्याच प्रकारच्या दुसऱ्या ब्रँडचा पहिला व्हिडिओ टाकण्याआधी जुन्या ईमेलमधली तीन महिन्यांची अट कोणत्या तारखेला संपते ते एकदा उघडून पाहा.